कार्बोरेटरला शेवटी हात लावा: जुन्या एअर-कूल्ड मोटरसायकलची देखभाल आणि ट्युनिंग

गाडी स्लोवर, म्हणजे अॅक्सिलरेटर सोडल्यावर, टिकत नाही, चढाला धाप टाकते, सायलेन्सरमधून फट्‌फट् आवाज येतो. तक्रार कुठलीही असो, पहिला हात जातो कार्बोरेटरच्या स्क्रूकडे. तो बाहेरूनच दिसतो, साध्या स्क्रू ड्रायव्हरने फिरतो आणि फिरवला की इंजिनाचा आवाज लगेच बदलतो. काहीतरी केल्याचं समाधान मिळतं, दुरुस्ती मात्र क्वचितच होते.

कार्बोरेटर पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देतो, आणि तो चालतो इंजिनाच्या ओढीवर. व्हॉल्व्ह नीट बसत नसतील तर ती ओढच कमी पडते. ठिणगी उशिरा पडत असेल तर पेट्रोल अर्धवट जळतं आणि लक्षणं अगदी मिक्श्चर रिच, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, असल्यासारखी दिसतात. अशा इंजिनावर कार्बोरेटर ‘सेट’ केला की एक दोष दुसऱ्या दोषाखाली झाकला जातो. महिन्याभराने कुणीतरी टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, बरोबर लावतो आणि गाडी आणखीच बिघडल्यासारखी वाटते. म्हणून क्रम असा: ऑइल, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), टॅपेट (व्हॉल्व्हची गॅप), पॉइंट (ठिणगी पाडणारा स्विच) आणि टायमिंग, प्लग, पेट्रोल-हवेची वाट, आणि सगळ्यात शेवटी कार्बोरेटर. वरची पायरी हलवली की खालच्या सगळ्या पुन्हा तपासाव्या लागतात. खालची हलवली तर वर जावं लागत नाही.

इथे फोर-स्ट्रोक, पॉइंटवाली, स्लाइडच्या (वर-खाली सरकणाऱ्या दट्ट्याच्या) कार्बोरेटरची गाडी धरली आहे. इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर पॉइंटचा भाग सोडून द्या, बाकी सगळं तसंच लागू आहे.

आधी थोडी तयारी

गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. या लेखातले आकडे साधारण अंदाज देणारे आहेत. तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा.

हत्यारांत नेहमीचे पाने धरलेलेच आहेत. त्याशिवाय फीलर गेज, टॉर्क रेंच, मल्टीमीटर, कॉम्प्रेशन गेज आणि दोन वायरी सोल्डर केलेला एक छोटा बल्ब लागेल. टायमिंग लाइट मिळाला तर उत्तम.

स्क्रू ड्रायव्हरबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगतो, कारण जुन्या गाड्यांची सगळ्यात जास्त नासधूस तिथे होते. जुन्या जपानी गाड्यांचे फुलीवाले स्क्रू दिसायला फिलिप्ससारखे असले तरी ते जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, मापाचे असतात. बऱ्याच स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतो, ती त्याची खूण. फिलिप्सचं टोक त्या फुलीत तळापर्यंत बसत नाही. जोर लावला की वर सरकतं आणि खाच खाऊन टाकतं. जेआयएस टोकाचा ड्रायव्हर घ्या, आणि साइड कव्हरचे जाम स्क्रू हातोडीने ठोकायच्या इम्पॅक्ट ड्रायव्हरने सोडवा. जुन्या ब्रिटिश गाड्यांना व्हिटवर्थ मापाचे पाने लागतात. ‘जवळजवळ बसतो’ अशा मेट्रिक पान्याने नटाचे कोपरे गोल होतात आणि मग तो कुठल्याच पान्याने सुटत नाही.

एक वही ठेवा. किती किलोमीटरला काय बदललं, गॅप किती होती, किती केली, स्क्रू किती फेरे बाहेर होता, सगळं लिहा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलून गाडी सुधारली तर कशाने सुधारली हे कळत नाही. बिघडली तर गोंधळ दुप्पट.

फिन्स आणि ऑइल

या इंजिनाला रेडिएटर नाही. उष्णता बाहेर टाकायचं काम दोघांकडे आहे: फिन्सवरून, म्हणजे इंजिनावरच्या पातळ पट्ट्यांवरून, जाणारी हवा आणि आतून फिरणारं ऑइल. फिन्समध्ये चिखल, ऑइलने चिकटलेली धूळ आणि जुन्या रंगाचे थर साचले की ती जागा घोंगडी पांघरल्यासारखी होते. केरोसीन किंवा डीग्रीझर आणि लांब दांड्याचा ब्रश घेऊन फिन्सच्या मुळापर्यंत साफ करा. एक्झॉस्टच्या बाजूच्या आणि प्लगभोवतीच्या फिन्सकडे जास्त लक्ष द्या, हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) तिथेच सर्वांत जास्त तापतं. इंजिन गार असताना धुवायचं; तापलेल्या हेडवर गार पाणी ओतू नका. रंग द्यायचाच असेल तर उष्णता सोसणारा, पातळ आणि मॅट काळा. जाड चकचकीत थर शोभेला बरा, इंजिनाला नाही.

उभ्या गाडीवर वारा नाही, त्यामुळे ‘गरम होऊ दे’ म्हणून दहा-दहा मिनिटं स्लोवर ठेवणं या इंजिनाला मानवत नाही. अर्धा-एक मिनिट चालू ठेवा, मग निघा आणि पहिले काही किलोमीटर हळू चालवा. जुन्या एअर-कूल्ड इंजिनात पिस्टन आणि सिलिंडरमधली फट मुळातच जास्त ठेवलेली असते, तापल्यावर ती भरून निघते. त्यामुळे थंड असताना थोडी खडखड ऐकू येणारच.

ऑइल मॅन्युअलमध्ये असेल त्या ग्रेडचं. उष्ण हवामानात बऱ्याच जुन्या गाड्यांना २०डब्ल्यू-५० लागतं. क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये भिजत असेल तर डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ असं लिहिलेलंच घ्या. चारचाकीच्या इंधन-बचतवाल्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्यांनी क्लच घसरू लागतो. ज्या गाड्यांत गिअरबॉक्स आणि प्रायमरी (इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या चेनचा कप्पा) वेगळे असतात त्यांना प्रत्येक कप्प्याचं ऑइल वेगळं. तिथे मॅन्युअल उघडल्याशिवाय काही ओतू नका.

कितीतरी जुन्या इंजिनांना कागदी फिल्टर नसतोच. तळाला तारेची जाळी असते, काहींत क्रॅंकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) टोकाला फिरणारी गाळ साठवणारी वाटी. दोन्ही ठिकाणची राड काढा. जाळीवरच भागवणाऱ्या इंजिनात मी १,५०० ते २,००० किलोमीटरला ऑइल बदलणं पसंत करतो. ऑइल स्वस्त पडतं, क्रॅंक नाही. ऑइल सोडताना इंजिन गरम असावं. निघालेलं ऑइल उजेडात थाळीत पाहा. करड्या रंगाची बारीक चमक थोडीफार असतेच. बोटाला टोचणारे कण, किंवा सोनेरी छटेचे पितळ-ब्राँझचे तुकडे दिसले तर ट्युनिंग बाजूला ठेवून इंजिन उघडण्याची तयारी करा.

ड्राय संप गाडी असेल, म्हणजे ऑइलची टाकी वेगळी असेल, तर अनेक दिवस उभ्या गाडीत ऑइल पंपामधून झिरपून खाली क्रॅंककेसमध्ये उतरतं. टाकीत लेव्हल कमी दिसते म्हणून वरून भरू नका. इंजिन काही मिनिटं चालवा, ऑइल परत टाकीत येऊ द्या, मग मोजा.

कॉम्प्रेशन: पुढे जायचं की थांबायचं

इंजिन गरम करा, सगळे प्लग काढा. प्लगच्या कॅप अर्थ करून ठेवा, नाहीतर मोकळ्या टोकावर कॉइलला ताण बसतो. गेज लावा, अॅक्सिलरेटर पूर्ण उघडा आणि काटा वर जायचा थांबेपर्यंत किक मारा. अॅक्सिलरेटर बंद ठेवून घेतलेलं रीडिंग नेहमी कमीच येतं, त्याच्यावर विश्वास नको.

नेमका आकडा गाडीच्या कॉम्प्रेशन रेशोवर ठरतो. जुन्या लो-कॉम्प्रेशन इंजिनांचा आकडा आधुनिक मोटरसायकलच्या मानाने कमीच असणार. दोन किंवा चार सिलिंडर असतील तर आपसातला फरक महत्त्वाचा: १० ते १५ टक्क्यांहून जास्त नको. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल आत सोडून पुन्हा मोजा. आता आकडा बराच चढला तर रिंग किंवा सिलिंडर झिजलंय. हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. व्हॉल्व्हचा संशय असेल तर घाबरायच्या आधी टॅपेट पाहा. घट्ट टॅपेटमुळे व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहतो आणि कॉम्प्रेशन तिथूनच पळतं.

टॅपेट

आवाज करणाऱ्या टॅपेटपेक्षा गप्प टॅपेटची जास्त काळजी करा. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता मुख्यतः सीटवर टेकलेला असतानाच हेडला देतो. सीट आणि व्हॉल्व्ह हळूहळू झिजतात, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि गॅप कमी होत जाते. गॅप संपली की व्हॉल्व्ह पुरता टेकत नाही, उष्णता सोडायला जागा उरत नाही, आणि कडेने तो जळू लागतो. बाहेरून मात्र इंजिन अगदी शांत, गुळगुळीत वाटतं.

मोजमाप पूर्ण थंड इंजिनावर. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर सकाळी, पहिली किक मारायच्या आधी. हेडच्या नटांचा टॉर्क तपासायचा असेल तर तो आधी. हेड आवळलं की टॅपेटची गॅप बदलते.

१. प्लग काढा म्हणजे इंजिन हाताने फिरेल. टॅपेटची झाकणं उघडा.

२. इंजिन चालताना फिरतं त्याच दिशेने फिरवा. इनलेट व्हॉल्व्ह खाली दबून परत वर येताना पाहा. त्यानंतर पिस्टन वर येतो तो कॉम्प्रेशनचा. मॅग्नेटवरची ‘टी’ खूण जुळवा. खूण नसेल तर प्लगच्या भोकात प्लास्टिकची नळी धरून पिस्टनचं सर्वांत वरचं स्थान शोधा. धातूची सळई नको.

३. दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे हात) हाताने हलवून पाहा. दोन्हींत किंचित ढील हवी. दोन्हींपैकी एखादाही घट्ट असेल तर तुम्ही बहुधा एक्झॉस्टच्या फेरीवर आहात. आणखी एक पूर्ण फेरा द्या.

४. मॅन्युअलमधल्या मापाची फीलर गेजची पट्टी आत सरकवा. पट्टी जाताना दोन्ही बाजूंनी हलका चिकट ओढा जाणवला पाहिजे. सुळकन गेली तर गॅप जास्त आहे. वाकवून ढकलावी लागली तर कमी. शंका असेल तर एक माप पातळ आणि एक माप जाड अशा दोन्ही पट्ट्या घ्या: पातळ सहज जावी, जाड जाऊ नये.

५. लॉकनट आवळताना स्क्रू त्याच्याबरोबर थोडा फिरतोच. म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा मोजा. बहुतेकांची गॅप इथेच बिघडते, मोजून झाल्यानंतर.

मापांचा अंदाज यावा म्हणून: होंडाच्या जुन्या एका कॅमशाफ्टच्या सीबी७५० मध्ये इनलेट ०.०५ आणि एक्झॉस्ट ०.०८ मिलिमीटर. बीएमडब्ल्यूच्या बहुतेक जुन्या एअर-कूल्ड बॉक्सरना ०.१० आणि ०.२०. लोखंडी सिलिंडरच्या जुन्या बुलेटला पट्टी लागतच नाही. पिस्टन कॉम्प्रेशनला वर असताना पुशरॉड (रॉकरला खालून ढकलणारी काठी) दोन बोटांनी सहज गोल फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये.

दर वेळी एक्झॉस्टची गॅप किती निघाली ते वहीत लिहा. ती प्रत्येक खेपेला भराभर कमी होत असेल तर सीट खचतेय. हेड उतरवायची वेळ कधी येणार हे त्या आकड्यांवरून बरंच आधी कळतं.

पॉइंट आणि टायमिंग

इथे दोन कामं आहेत आणि त्यांचा क्रम उलटा चालत नाही. आधी गॅप, मग टायमिंग. गॅप वाढवली की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे ठिणगी पुढे सरकते. कमी केली की मागे. टायमिंग लावून झाल्यावर गॅपला हात लावला तर टायमिंग गेलं.

पॉइंटची तोंडं पाहा. एकसारखी राखाडी, मॅट असतील तर चांगली. एका बाजूला खड्डा आणि समोर उंचवटा असेल तर कंडेन्सरवर (पॉइंटमधली ठिणगी आवरणाऱ्या भागावर) लक्ष ठेवा. किरकोळ खडबडीतपणा बारीक पॉइंट-फाइलने घासा, मग पेट्रोलमध्ये बुडवलेला कोरा जाड कागद दोन तोंडांत धरून ओढा. कागद स्वच्छ निघेपर्यंत ओढत राहा. घासून झाल्यावर राहिलेली पॉलिश पेपरची पूड किंवा बोटाचा तेलकटपणा एवढ्याने गाडी चालू होत नाही आणि माणूस दिवसभर पेट्रोल तपासत बसतो.

कॅम फिरवून पॉइंट सर्वांत जास्त उघडतील तिथे आणा आणि गॅप लावा. बहुतेक गाड्यांना ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. कॅमवर टेकणाऱ्या फेल्टला थेंबभर ग्रीस द्या, नाहीतर पॉइंटची टाच झिजते, गॅप बंद होत जाते आणि टायमिंग मागे घसरत राहतं.

आता टायमिंग. बॅटरी-कॉइल इग्निशनवर बल्बची पद्धत सोपी आणि पुरेशी अचूक आहे. बल्बची एक वायर पॉइंटकडे येणाऱ्या वायरच्या टर्मिनलवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर. सहा व्होल्टच्या गाडीला सहाचा बल्ब, बाराच्या गाडीला बाराचा. इग्निशन चालू करा. पॉइंट बंद असतात तोवर बल्ब विझलेला, उघडले की पेटतो. इंजिन नेहमीच्या दिशेने अगदी हळू फिरवा. मॅग्नेटवरची ‘एफ’ खूण, म्हणजे ठिणगी पडायची जागा, केसिंगवरच्या रेषेशी येते त्याच क्षणी बल्ब पेटला पाहिजे. आधी पेटला तर ठिणगी लवकर पडतेय, नंतर पेटला तर उशिरा. बेस प्लेटचे स्क्रू सैल करून प्लेट केसभर सरकवा, आवळा, पुन्हा फिरवून पाहा. खूण ओलांडली तर मागे आणू नका. गिअर आणि चेनमधली ढील चुकीचं दाखवते. बरंच मागे जाऊन पुन्हा पुढे या. काम झाल्यावर इग्निशन बंद करायला विसरू नका. पॉइंट बंद स्थितीत इग्निशन चालू राहिलं तर कॉइल तापून जाते. मॅग्नेटोवर (बॅटरीविना ठिणगी देणाऱ्या यंत्रणेवर) चालणाऱ्या गाड्यांना ही बल्बची जोडणी चालत नाही, तिथे मल्टीमीटर किंवा बझर लागतो.

टायमिंग लाइट असेल तर चालत्या इंजिनावर दुसरी गोष्टही दिसते. वेग वाढवला की खूण अॅडव्हान्सच्या रेषांकडे सरकली पाहिजे आणि वेग कमी केला की परत ‘एफ’वर आली पाहिजे. परत येत नसेल तर पॉइंटमागच्या ऑटो-अॅडव्हान्सची वजनं चिकटलीत किंवा स्प्रिंग ढिल्या झाल्यात. स्लो कधी चढा, कधी उतरता राहतो, या तक्रारीचं मूळ कितीदा इथे निघतं आणि दोष कार्बोरेटरच्या माथी मारलेला असतो. वजनांच्या पिनांना हलकं ऑइल द्या, गंज काढा.

टायमिंगचा तापण्याशी थेट संबंध आहे. ठिणगी उशिरा पडली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हाही वायू जळतच असतो, आणि हेड, एक्झॉस्ट पाइप जास्त तापतात. फार लवकर पडली तर चढावर भार पडल्यावर इंजिनात टणटण वाजतं. तो आवाज आला की अॅक्सिलरेटर कमी करा, पिस्टनला भोक पडायची ती पूर्वसूचना असते.

प्लग, कॉइल आणि वायरिंग

प्लगची गॅप साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर. हीट रेंजचे (प्लग उष्णता किती लवकर सोडतो त्याचे) आकडे कंपनीगणिक उलटे असतात, ते लक्षात ठेवा. एनजीकेमध्ये आकडा मोठा तितका प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियनमध्ये आकडा मोठा तितका गरम. मिक्श्चरचा दोष झाकायला वेगळ्या रेंजचा प्लग लावू नका. नवा प्लग बोटांनी टेकेपर्यंत फिरवा, मग पान्याने अर्धा फेरा. अॅल्युमिनियमच्या हेडचे आटे एकदा गेले की आत इन्सर्ट बसवावा लागतो.

कंडेन्सर नरमला की पॉइंटमध्ये ठळक निळी ठिणगी दिसते, आणि गाडी थंड असताना बरी, तापल्यावर मिसिंग करते. तो स्वस्त आहे, संशय आला की बदला. पण जुना लगेच टाकू नका: नव्यानेही फरक पडला नाही तर तो बिचारा निर्दोष होता. तापल्यावरच बंद पडणारी आणि गार झाल्यावर आपोआप चालू होणारी गाडी कॉइलकडेही बोट दाखवते. बारा व्होल्टच्या पॉइंट-कॉइलचा प्रायमरी (बॅटरीच्या बाजूच्या गुंडाळीचा) रोध साधारण ३ ते ५ ओहम असतो. तो गार आणि गरम दोन्ही वेळा मोजा.

जुन्या वायरिंगचे निम्मे प्रश्न अर्थिंगचे. बॅटरीचा अर्थ, इंजिन-फ्रेमचा अर्थ, हेडलाइटमधले जोड, सगळे सोडवून चकचकीत घासा. कॉइलपाशी बॅटरीपेक्षा अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त फरकाने कमी मिळत असेल, तर मध्येच कुठलातरी स्विच किंवा जोड तो खातोय. चार्जिंग तपासताना बारा व्होल्टच्या गाडीत वेग दिल्यावर बॅटरीवर १३.८ ते १४.५ च्या आसपास दिसावं.

टाकीपासून फ्लोटपर्यंत

टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं तर गाडी चार-पाच किलोमीटर मस्त चालते आणि मग पेट्रोल संपल्यासारखी गळते. झाकण उघडलं की ‘फुस्स’ आवाज, आणि पुन्हा चालू. पेट्रोल कॉकची जाळी काढून धुवा. पाइप सोडून बरणीत पेट्रोल सोडा. धार अखंड पडली पाहिजे. तळाला लालसर पूड दिसली तर टाकीत गंज आहे आणि तो आधी काढावा लागेल, नाहीतर स्वच्छ केलेला कार्बोरेटर आठवड्यात पुन्हा भरतो.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतलं पाणी शोषतं, आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. पाइप फुगतात, फ्लोट व्हॉल्व्हचं टोक मऊ पडतं. इथेनॉल चालणारे पाइप आणि सील बसवा.

हवेच्या वाटेवर दोन गोष्टी. एअर फिल्टर घाण असेल तर मिक्श्चर रिच होतं. कार्बोरेटर आणि हेडमधलं रबर तडकलं असेल तर बाहेरची हवा घुसते आणि मिक्श्चर लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) होतं. स्लोवर चालू असताना त्या जोडाभोवती बाटलीतून पाण्याचा बारीक फवारा मारा. इंजिनाचा वेग हलला तर हवा तिथूनच जातेय. पेट्रोल किंवा पेटणारे स्प्रे तापलेल्या एक्झॉस्टजवळ मारू नका. एक्झॉस्टच्या जोडात गळती असेल तर अॅक्सिलरेटर सोडल्यावर फटफट होते. ते लीनचं लक्षण समजून जेट बदलायला जाऊ नका.

आता कार्बोरेटर

उघडून जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे तुकडे) वेगळे करा, कार्बोरेटर क्लीनरने आणि हवेच्या दाबाने फुंकून साफ करा. जेटमध्ये तार घालू नका. भोक केसभर मोठं झालं तरी जेटवरचा आकडा खोटा ठरतो. पायलट (स्लोच्या) जेटचं भोक सर्वांत बारीक, तेच आधी तुंबतं. उजेडाकडे धरून आरपार गोल भोक दिसलं पाहिजे.

फ्लोटची (वाटीतल्या पेट्रोलची पातळी ठरवणाऱ्या तरंगत्या भागाची) उंची मॅन्युअलप्रमाणे लावा. फ्लोट उंच बसला की सगळ्याच वेगांवर रिच, खाली बसला की सगळ्यावर लीन. म्हणून जेटच्या आधी फ्लोट.

अॅक्सिलरेटरच्या कुठल्या टप्प्यावर कोणाचं राज्य असतं हे कळलं की अंदाजाने स्क्रू फिरवायची गरज उरत नाही. बंद ते एक अष्टमांशपर्यंत पायलट जेट आणि मिक्श्चर स्क्रू. तिथून साधारण अर्ध्यापर्यंत स्लाइडच्या खालचा तिरका काप. पाव ते पाऊण उघडीपर्यंत नीडल (स्लाइडला लटकलेली सुई) आणि नीडल जेट. पाऊणच्या पुढे मेन जेट. हे टप्पे एकमेकांत मिसळतात, पण तक्रार कुठल्या उघडीवर येते ते पाहायला पुरतात. हँडलच्या ग्रिपवर आणि स्थिर भागावर टेपच्या खुणा करून ठेवा, म्हणजे चालवताना नक्की किती उघडलंय ते कळतं.

मिक्श्चर स्क्रू कुठे आहे ते पाहा. स्लाइडच्या एअर फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो हवेचा स्क्रू: आत फिरवला की रिच. इंजिनाकडच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा: बाहेर फिरवला की रिच. हलक्या हाताने आत टेकवा आणि दीड फेरा बाहेर आणा. इंजिन पूर्ण गरम असताना पाव-पाव फेऱ्याने फिरवून स्लो सर्वांत जास्त आणि एकसारखा होईल तिथे थांबा. मग स्लोच्या स्क्रूने वेग कमी करा, आणि पुन्हा एकदा मिक्श्चर पाहा. तीन फेऱ्यांच्याही बाहेर जावं लागत असेल, किंवा स्क्रू फिरवून काहीच फरक पडत नसेल, तर पायलटची वाट तुंबली आहे किंवा जेट चुकीच्या मापाचा आहे.

नीडलची क्लिप खाली सरकवली की नीडल वर येते आणि मधल्या टप्प्यात रिच होतं. वर सरकवली की लीन. एका वेळी एकच खाच. मेन जेटचा आकडा मोठा म्हणजे पेट्रोल जास्त. उंचावर हवा विरळ, म्हणून तिथे तोच जेट रिच पडतो.

रिच की लीन, हे चालत्या गाडीवर ओळखायची सोपी युक्ती: जिथे गाडी अडखळते तिथेच चोक किंचित ओढा. सुधारली तर लीन, आणखी बिघडली तर रिच. प्लगवरून वाचायचं असेल तर मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर त्या टप्प्यावर काही वेळ चालवा, मग क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद करा. घरापर्यंत स्लोवर चालवत आणलेला प्लग फक्त स्लोची हकिगत सांगतो. शिसेविरहित पेट्रोलमुळे जुना बिस्किटी रंग हल्ली तितका ठळक येत नाही. पोर्सेलीनच्या मुळाशी फिकट तपकिरी कडी दिसली तर ठीक. पांढरं शुभ्र, चकाकतं पोर्सेलीन दिसलं तर मिक्श्चर लीन आहे किंवा प्लग फार गरम. एअर-कूल्ड इंजिन लीन मिक्श्चरवर भरधाव चालवू नका. शंका असेल तर मेन जेट एक माप मोठा ठेवा. थोडं पेट्रोल जास्त जाईल, पिस्टन मात्र टिकेल.

दोन कार्बोरेटर असतील तर आधी दोन्ही केबलची ढील सारखी करा आणि स्लाइड एकाच क्षणी उचलतात का ते बोटाने चाचपून पाहा. मग व्हॅक्यूम गेज लावून स्लोवर जुळवा, आणि थोडा वेग देऊन पुन्हा पाहा. गेज वापरताना गाडी उभी असते, म्हणून समोर मोठा पंखा लावा आणि पटकन आटपा.

चेन, ब्रेक आणि बाकीचं

चेनची ढील ती सर्वांत ताणलेली असेल त्या जागी मोजा, साधारण २० ते ३० मिलिमीटर. झीज मोजायची तर चेन ताणून २० कड्यांची लांबी घ्या: ४२८ची नवी चेन २५४, ५२० किंवा ५३०ची ३१७.५ मिलिमीटर भरते. दोन टक्के वाढली की चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदम बदला. दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत आहेत का, तेही पाहून घ्या.

ड्रम ब्रेक उघडताना धूळ फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. मास्क लावा आणि ओल्या फडक्याने पुसा. लायनर चकचकीत झालं असेल तर पॉलिश पेपरने खरवडा. ब्रेक लागतो त्या वेळी केबल आणि लिव्हर यांच्यात काटकोन यावा. बरेच ‘कमजोर’ ड्रम ब्रेक एवढ्यावर सुधारतात.

टायरच्या बाजूला चार अंकी तारीख असते, पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. खाचा भरपूर पण तारीख जुनी असा टायर ओल्या रस्त्यावर धोक्याचा. फोर्कचं ऑइल, स्टिअरिंगच्या बेअरिंगची ढील, स्विंग आर्मच्या बुशांना ग्रीस ही वर्षातून एकदाची कामं.

गाडी महिनाभराहून जास्त उभी ठेवायची असेल तर ऑइल आधी बदला, नंतर नाही. जुन्या ऑइलमधलं आम्ल बेअरिंगवर बसून राहतं. पेट्रोल कॉक बंद करून फ्लोटची वाटी रिकामी करा. लोखंडी टाकी काठोकाठ भरा, बॅटरी काढून महिन्यातून एकदा चार्ज करा. प्लग काढून चमचाभर ऑइल आत सोडा, इंजिन दोन-चार वेळा हाताने फिरवा, आणि शेवटी पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणून ठेवा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतात आणि दमट हवा सिलिंडरमध्ये शिरत नाही.